बिनचहाची पाहुणी

माझ्या आयुष्यात दोनदा सोडत निघाली आणि दोन्ही वेळा मला नको तेच वाट्याला आलं.

पहिली सोडत लालबागला आमची चाळ पाडून टॉवर उभा राहिला तेव्हाची. बिल्डरच्या ऑफिसात एका प्लास्टिकच्या डब्यात चिठ्ठ्या होत्या. जन्मभर एका गॅलरीत दात घासलेली माणसं त्या डब्यातून वेगवेगळ्या मजल्यांवर गेली. भिंतीला भिंत लागून राहणारे चौथ्यावर, समोरचे नवव्यावर, आम्ही दोघं सतराव्यावर. सगळे म्हणाले, लिफ्ट आहे, येत जाऊ की. लिफ्ट आहे हे खरं. पण चाळीत कुणाकडे डोकवायला कारण लागत नव्हतं, आणि लिफ्टचं बटण दाबायला कारण लागतं. आमच्या मजल्यावरच्या बाकीच्यांनी जागा भाड्याने दिल्या. आता कोण आलं, कोण गेलं, ते दाराबाहेरच्या चपलांवरून कळतं तेवढंच.

दुसरी सोडत परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात निघाली, कॉम्प्युटरवर.

बायकोला फुप्फुसाचा आजार झाला होता. फुप्फुसं हळूहळू कडक होत जातात, श्वास पुरत नाही, आणि जे गेलं ते परत येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. औषधं होती, पण ती आजार लांबवायची. बायको बालवाडीची बाई. सगळं आयुष्य पोरांच्या गोंगाटावर आवाज चढवण्यात गेलेलं, आणि आता एक वाक्य पुरं करायला मध्ये थांबायला लागायचं. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं, दिवसभर घरघरणारं. त्याची नळी मी स्वतः भिंतीला हूक ठोकून फिरवली. मी माझगावच्या गोदीत फिटर होतो. तिच्या दुखण्यापुढे माझं काही चालत नव्हतं, पण नळीला मुरड पडू द्यायची नाही एवढं माझ्या हातात होतं. पलंगापासून बाथरूमपर्यंत आणि इकडे स्वयंपाकघराच्या दारापर्यंत ती नळी पोचायची. त्यापलीकडे बायकोचं जग उरलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझंही नव्हतं. आम्हाला मूलबाळ नाही.

तपासणीला गेलो असताना एका डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला बोलावलं. मला वाटलं आता काहीतरी वाईट सांगतील. त्या म्हणाल्या, "आम्ही एक अभ्यास करतोय. पेशंटवर नाही, पेशंटला घरी सांभाळणाऱ्या माणसावर."

"मला काय झालंय?" मी म्हटलं.

"तेच बघायचंय," त्या हसून म्हणाल्या.

अभ्यासात दोन गट होते. एका गटाच्या घरी दर आठवड्याला शिकवून तयार केलेलं एक माणूस येऊन बसणार. आजारी माणसापाशी थांबणार, सांभाळणाऱ्याला जरा बाहेर जाऊ देणार, त्याचं ऐकून घेणार. त्याला त्या सोबतीचा गट म्हणत होत्या. दुसऱ्या गटाला नेहमीचे उपचार आणि महिन्याला एकदा प्रश्न, बस. कोण कुठल्या गटात जाणार ते त्यांच्याही हातात नाही, कॉम्प्युटर ठरवणार. त्या आणखीही बरंच सांगत होत्या, पण माझं लक्ष बाहेर बाकावर बसलेल्या बायकोच्या श्वासाकडे होतं. मी नाही म्हणणार होतो. बायकोच म्हणाली, "घ्या की भाग. नाहीतरी तुमच्याकडे कोण बघतंय?"

कॉम्प्युटरने मला प्रश्नांच्या गटात टाकलं.

मी घरी येईपर्यंत धुमसत होतो. म्हणजे आता मला कोणी येऊन विचारणार, तुम्ही एकटे आहात का, आणि मी हो म्हटलं की ते लिहून घेऊन निघून जाणार. याला अभ्यास म्हणतात! बायकोला मात्र मजा वाटत होती. "लॉटरी लागायला नशीब लागतं," म्हणाली.

पहिल्या महिन्यात एक मुलगी आली. पंचविशीची असेल. सावळी, केस घट्ट बांधलेले, हातात टॅब आणि खांद्याला पाण्याची बाटली. मी दार उघडलं, बसा म्हटलं, आणि आत जाऊन आधण ठेवलं. आमच्याकडची रीत आहे ती, त्यात विचारायचं काय? चहा घेऊन बाहेर आलो तर ती उभी राहिली.

"काका, सॉरी. चहा नको."

"का? मधुमेह आहे?"

"नियम आहे. तुमच्या गटाकडे चहापाणी घ्यायचं नाही, इकडच्यातिकडच्या गप्पा मारायच्या नाहीत."

मला संताप आला. माझ्या घरातून आजपर्यंत मीटर बघायला आलेला माणूससुद्धा कोरडा गेलेला नाही. मी कप तिच्यासमोर ठेवला. ती त्याच्याकडे न बघता प्रश्न विचारायला लागली. चहावर साय धरली तरी तिने हात लावला नाही. ती गेल्यावर मी तो मोरीत ओतला आणि भांडी आपटली.

बायको म्हणाली, "बिनचहाची पाहुणी." तेव्हापासून त्या मुलीचं आमच्या घरात तेच नाव पडलं.

पुढच्या खेपेला मी तिला सरळ विचारलं की हा कसला नियम. तिने सांगितलं. चहा म्हटला की बसणं आलं, बसणं म्हटलं की बोलणं आलं, आणि बोलणं म्हणजेच सोबत. प्रश्नांच्या गटालाही सोबत मिळाली तर मग त्या दुसऱ्या गटाला सोबतीने खरंच काही फरक पडला का, ते कसं कळणार? हे ऐकून मला गोदी आठवली. तिथे आम्ही मापाची पट्टी वेगळी ठेवायचो, तिने कधी कुणी स्क्रू पिळायचा नाही. काम करायची हत्यारं वेगळी आणि मापायची वेगळी. ही मुलगी मापायची पट्टी होती. मला पटलं, आणि पटलं म्हणून आणखी वाईट वाटलं. तरी चहा मी दर वेळी ठेवायचोच. ती दर वेळी नको म्हणायची. पुढेपुढे आम्ही दोघंही ते हसून करायला लागलो, आणि ते हसणं नियमात बसत होतं की नाही कुणास ठाऊक.

प्रश्न ठरलेले असायचे. झोप लागते का. भूक लागते का. काळजी घेताना थकायला होतं का. गेल्या आठवड्यात एकटं वाटलं का: कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, की सतत. आणि शेवटी, अडीअडचणीला हाक मारावी, मनातलं बोलावं, अशी माणसं आहेत का? असतील तर किती?

पहिल्याच वेळी तिने विचारलं होतं, "काका, आपल्याला वेगळं बसता येईल? काकींच्या कानावर पडू नये असा नियम आहे."

नियम करणाऱ्याने लालबागचं घर बघितलं नसावं. एक खोली, एक स्वयंपाकघर. एकदा आम्ही बाहेर लिफ्टपाशी उभे राहिलो, तर शेजारच्या दाराच्या भोकाआड अंधार झाला. कुणीतरी डोळा लावून बघत होतं. मग स्वयंपाकघरात बसायला लागलो. पण नळी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचायची, मीच पोचवली होती. मुलगी आली की बायकोला भाजी निवडायची हुक्की यायची. खुर्ची घेऊन बरोब्बर दाराशी बसायची, मांडीवर मेथीची जुडी, आणि कान आमच्याकडे.

आता सांगा, तीन हातांवर बायको बसलेली असताना मी काय म्हणू? थकतो म्हणू? तिला उचलून बसवताना माझी पाठ जाते म्हणू? ती झोपल्यावर मी तिच्याकडे नुसता बघत बसतो, आणि बोलायला जीव तडफडतो, असं म्हणू? ते ऐकून तिला वाटलं असतं की आपण यांना जड झालो. म्हणून मी छान उत्तरं द्यायचो. झोप उत्तम. भूक उत्तम. एकटं? कधीच नाही. माणसं? भरपूर. चाळीतली सगळी आहेत, गोदीतले मित्र आहेत. मुलगी टॅबवर बोट टेकवायची. दारातून खोकला ऐकू यायचा, आणि तो खोकला आजाराचा नव्हता.

मुलगी गेली की बायको सुरू. "कोण हो ती भरपूर माणसं? मलाही दाखवा एकदा."

मी म्हणायचो, "गप बस, दम लागेल."

रागावली की ती मालवणीवर यायची. "खोटां कित्याक सांगतास?" म्हणायची, आणि मग खरंच दम लागायचा, मग मी तिची पाठ चोळायचो. गोदीतले मित्र कुठले? एक कणकवलीला गेला, एक वर गेला, एकाला काही आठवत नाही. चाळीतली माणसं सणासुदीला मोबाइलवर फुलांची चित्रं पाठवायची. मी परत फुलं पाठवायचो.

बायकोला त्या मुलीबद्दल कुतूहल होतं. मुलगी स्वतःचं काही सांगायची नाही, म्हणून बायको अंदाज बांधायची. एकदा म्हणाली, "कोळ्यांची आहे. वरळीच्या कोळीवाड्यातली. पैज लावा." बालवाडीत तिच्याकडे कोळ्यांची पोरं खूप असायची, बोलण्याच्या हेलावरून तिने ओळखलं म्हणे. दिवाळी नुकतीच झाली होती. प्रश्न संपून मुलगी बूट घालत असताना बायकोने दारातून विचारलं, "काय गं, यंदा बोंबील नीट सुकतायत का?"

मुलीचा चेहरा एकदम उघडला. "कुठे काकी, परवाच्या पावसानं सगळे वलांडीवर..." एवढं बोलली आणि जीभ चावली. माझ्याकडे बघितलं. "सॉरी," म्हणाली आणि लिफ्टकडे गेली.

बायको दिवसभर खूश होती. पैज जिंकली होती. आणि त्या अर्ध्या वाक्यावर आम्ही दोघं किती दिवस बोललो! पाऊस पडला तर बांबूच्या वलांडीवर सुकायला टांगलेल्या बोंबलांचं काय करतात, फेकून देतात की खत करतात, तिची आई विकायला बसत असेल का, कुठल्या बाजारात. घरात तेवढाच नवीन विषय आला होता.

थंडीत बायकोचा श्वास आणखी कमी झाला. भाजीची जुडी सुटली, खुर्ची सुटली. ती पलंगावरूनच ऐकायची. एका दुपारी मुलगी येऊन गेली आणि मी नेहमीसारखी छान छान उत्तरं देऊन परत आत आलो. बायकोने मला जवळ बसवलं. थांबत थांबत बोलली.

"मी गेल्यावर ती येणार ना एकदा?"

"येणार. शेवटचे प्रश्न असतात. पण तू कशाला..."

"तेव्हा खरं सांगा तिला. मी ऐकते म्हणून खोटं बोलता, मला काय कळत नाही? तेव्हा मी नसेन ऐकायला. कुणी नाही मला, असं सांगा."

मी म्हटलं, बरं. तिला पुढे बोलू द्यायचं नव्हतं म्हणून म्हटलं. पण तिने माझा हात धरून पुन्हा वदवून घेतलं, बालवाडीतल्या पोराकडून घेतात तसं.

फेब्रुवारीत एका सकाळी मी दूध तापवत होतो आणि ती गेली. दूध उतू जाऊ नये म्हणून मी गॅस बंद केला, मग तिच्याजवळ गेलो. मशीन तसंच घरघरत होतं, नळीतून हवा येत होती आणि ती घ्यायला कुणी नव्हतं. मशीन मी माझ्या हाताने बंद केलं. त्यानंतरची शांतता मला अजून सहन होत नाही.

दहा-बारा दिवस माणसं आली. चाळीतली झाडून सगळी आली, लिफ्ट खालीवर पळत होती. मग ती यायची थांबली, आणि त्यात त्यांचा दोष नाही, त्यांनाही घरं आहेत. मशीनवाला मशीन घेऊन गेला. हूक भिंतीवर राहिले. बाथरूमला जाताना मी अजूनही नळी ओलांडायला पाय उचलतो. दिवसच्या दिवस माझ्या तोंडून शब्द निघत नसे. एकदा खाली दुकानात ब्रेड मागायला गेलो तर आवाजच फुटेना, घसा खाकरावा लागला.

मला एकाच गोष्टीची वाट होती. ती मुलगी यायची. हॉस्पिटलातून फोन आला की अमुक दिवशी शेवटची भेट आहे, तेव्हा मी घर झाडलं, दाढी केली, खारी आणून ठेवली. ती खाणार नाही हे ठाऊक होतं. काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं. मुली, मी तुला आजवर थापा मारल्या. मला कुणी नाही. एक होती, ती दारात भाजी निवडत बसायची. एवढं तिच्यासमोर बोललो की बायकोला दिलेला शब्द पुरा होणार होता, आणि मी हलका होणार होतो.

बेल वाजली. दारात चाळिशीचा एक दाढीवाला गृहस्थ.

"ती मुलगी?" मी विचारलं.

"शेवटची भेट दुसऱ्याने घ्यायची असते काका. म्हणजे बाजू घेतली जात नाही. आणि तुम्ही कुठल्या गटात होतात ते मला सांगू नका प्लीज. मला ते कळता कामा नये."

मापायची पट्टीही बदलली. बरोबरच होतं ते, गोदीतही शेवटची तपासणी दुसऱ्या खात्याचा माणूस करायचा. पण मला रडू यायला लागलं. मी आत जाऊन चहा ठेवला. तोही नको म्हणाला. मी वाद घातला नाही.

तो चांगला माणूस होता, हळू बोलत होता. झोप. भूक. मी आपला हं, नाही, हं. मग म्हणाला, "गेल्या आठवड्यात एकटं वाटलं का?" आणि माझ्या तोंडात सवयीने "कधीच नाही" आलं. अगदी ओठावर आलं. मी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. तिथे कुणी खोकलं नाही.

"सतत," मी म्हटलं.

त्याने बोट टेकवलं. "मनातलं बोलावं अशी माणसं किती?"

"एक मुलगी यायची तुमची."

तो अवघडला. "अभ्यासातली माणसं धरता येत नाहीत काका."

"मग कुणी नाही. शून्य लिहा."

त्याने शून्य लिहिलं. परक्या माणसासमोर बोललो, जिच्यासमोर बोलायचं होतं तिच्यासमोर नाही. मी हलकाबिलका काही झालो नाही. तो गेल्यावर गार चहा मीच प्यालो.

होळी होऊन गेल्यावर एका दुपारी फोन वाजला. अनोळखी नंबर. "काका, मी. हॉस्पिटलातून." आवाज मी लगेच ओळखला. मी काही बोलायच्या आत ती घाईघाईने बोलत सुटली. माझ्या घरचा अभ्यास पुरा झाला होता. आणि अभ्यास पुरा झाला की प्रश्नांच्या गटालाही सोबत मिळते, हवी असेल तर. डॉक्टरीणबाईंनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं म्हणे. आजारी माणूस गेलेलं असलं तरी मिळते, सांभाळणाऱ्यासाठीच ती असते. आठवड्यातून एकदा कुणीतरी येऊन बसेल.

"मी नाही येणार काका," ती म्हणाली. "त्याची माणसं वेगळी आहेत."

नेहमीसारखा मी म्हणणार होतो, मला कशाला, माझ्याकडे भरपूर माणसं आहेत. पण शून्य तर मीच लिहायला लावलं होतं, आता कुठल्या तोंडाने नाही म्हणणार?

"पाठव," मी म्हटलं. "पण येईल ते माणूस चहा घेतं ना?"

पलीकडे ती हसली. पहिल्यांदा मोकळी हसली. "घेतं काका. त्यांना चालतो."

मला वाटलं आता फोन ठेवेल. ठेवला नाही. मागे रस्त्याचा आवाज येत होता.

"काका, अभ्यास संपला ना आता तुमचा, म्हणून सांगते. काकींनी विचारलं होतं, ते अर्धंच राहिलं माझं. पहिले बोंबील पावसानं गेले होते. पण नंतर ऊन पडलं चांगलं. यंदा मस्त सुकले."

मी पलंगाकडे बघितलं.

"सांगतो तिला," मी म्हटलं.